शेवटच्या जागेवर बसलेला हॅरी

दूरचित्रवाणीवरील विज्ञानमालिका हा गंभीर समीक्षेचा विषय नव्हे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो सर्वस्वी खरा नाही. एखादी कथा सात वर्षे घरोघरी पाहिली जाते, तेव्हा तिच्या कर्त्यांनी कोणाला मोठे केले आणि कोणाला आहे तेथेच ठेवले, यावरून त्यांची नीतिदृष्टी कळते. १९९५ ते २००१ या काळात अमेरिकेत प्रक्षेपित झालेल्या ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेतील हॅरी किम या कनिष्ठ अधिकाऱ्याचा विचार आम्ही याच दृष्टीने करू इच्छितो.

कथानक थोडक्यात असे. ‘व्हॉयेजर’ हे अंतराळयान एका अज्ञात शक्तीमुळे पृथ्वीपासून सुमारे ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले जाते. परतीचा प्रवास पंचाहत्तर वर्षांचा. कॅप्टन कॅथरिन जेनवे ही करारी स्त्री दीडशेच्या आसपास माणसे घेऊन घराची वाट धरते. हॅरी किम हा या यानावरील एन्साइन, म्हणजे अधिकारीवर्गाच्या अगदी खालच्या पायरीवरचा तरुण. प्रशिक्षण संपवून पहिल्याच नेमणुकीवर आलेला, क्लॅरिनेट वाजवणारा, आईवडिलांच्या आठवणीने व्याकुळ होणारा. मालिका सुरू होते तेव्हा तो एन्साइन असतो, आणि सात वर्षांनी यान पृथ्वीजवळ पोहोचते तेव्हाही एन्साइनच असतो.

याचे समर्थन करणारे म्हणतात, वाट चुकलेल्या यानावर वरची जागा रिकामी होणार कशी? हे समर्थन टिकत नाही. कारण याच कॅप्टनने बंडखोरांच्या गटातून आलेल्या चकोटेला आपला उपप्रमुख केले, बेलाना टॉरेसला मुख्य अभियंता केले, आणि १९९७ साली प्रक्षेपित झालेल्या एका भागात टुवॉकला समारंभपूर्वक बढती दिली. अधिकार होता, संधीही होती. हॅरीवर एकदा शिस्तभंगाचा ठपका आला होता हे खरे. परंतु तो १९९९ च्या भागात. त्याआधीच्या चार वर्षांचे काय?

टॉम पॅरिसचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. पॅरिस हा एका अ‍ॅडमिरलचा मुलगा. स्वतःची प्राणघातक चूक खोटे बोलून लपवल्यामुळे सेवेतून गेलेला, पुढे तुरुंगात पडलेला. जेनवे त्याला तुरुंगातून उचलून आणते आणि पहिल्याच कथेच्या अखेरीस लेफ्टनंट करते. १९९८ च्या ‘थर्टी डेज’ या भागात तो आज्ञाभंग करतो. तेव्हा हुद्दा जातो आणि तीस दिवसांची कोठडी मिळते. २००० साली त्याचा हुद्दा परत दिला जातो. त्याच्या खुर्चीवर एक छोटी डबी ठेवलेली असते आणि डबीत हुद्द्याचे चिन्ह. त्या प्रसंगी हॅरी एवढेच म्हणतो की, आपल्या खुर्चीवर काही अशी डबी दिसली नाही. सहा वर्षांची तक्रार त्या एका विनोदात संपते.

उधळ्या पुत्राचा दाखला ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पॅरिस हा परतलेला धाकटा मुलगा. त्याचे स्वागत व्हावे, हे ख्रिस्ती मनाला पटणारेच आहे. मात्र हॅरी हा दाखल्यातील थोरल्या मुलापेक्षाही उजवा आहे. थोरला मुलगा रागावून घराबाहेर उभा राहिला. हॅरीने मात्र यानावरील इतर लोक पॅरिसला टाळत असताना पहिल्याच दिवशी त्याच्याशी मैत्री केली आणि ती शेवटपर्यंत निभावली. संत लूकच्या दाखल्यातील पिता मेजवानी सोडून अंगणात येतो आणि थोरल्याची समजूत घालतो. जे माझे ते सर्व तुझेच, असे त्याला सांगतो. जेनवे हॅरीवर माया करते, पण त्याच्यासाठी अशी अंगणात कधी येत नाही. मालिकेच्या लेखकांनी दाखल्याचा पूर्वार्ध मनापासून रंगवला. उत्तरार्ध मात्र त्यांनी लिहिलाच नाही.

असे का झाले? आमच्या मते दोष कॅप्टनचा नाही, कथारचनेचा आहे. पडून उठणाऱ्या माणसाची कथा सांगणे सोपे असते. न पडता रोज उभा राहणारा माणूस लेखकाची परीक्षा पाहतो. त्याच्यात नाट्य सापडले नाही की लेखक त्याला गृहीत धरतात. हॅरीची भूमिका करणारे गॅरेट वांग यांनी पुढे जाहीरपणे सांगितले आहे की, बढतीबद्दल त्यांनी विचारणा केली तेव्हा कोणीतरी एन्साइन असायलाच हवा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. म्हणजे हॅरी हा माणूस न राहता एक रिकामी जागा भरणारा झाला. वांग हे आशियाई वंशाचे आहेत. आशियाई वंशाचा माणूस कष्टाळू आणि आज्ञाधारक असतो पण नेतृत्व त्याचे नव्हे, हा अमेरिकेतील जुना पूर्वग्रह ध्यानात घेतला, तर ही गोष्ट अधिकच बोचते.

१९९६ च्या ‘डेडलॉक’ या भागात हा निष्काळजीपणा कळसाला पोहोचतो. यानाची हुबेहूब दुसरी प्रत निर्माण होते. एका यानावरील हॅरी अंतराळात फेकला जाऊन मरण पावतो. दुसरे यान नष्ट होण्यापूर्वी तेथील हॅरी इकडे येतो. शेवटी यावर चार वाक्ये बोलली जातात आणि मेलेल्याची जागा भरली म्हणून कारभार पुढे चालू लागतो. हॅरीला प्रौढ माणूस म्हणून रंगवणे या लेखकांना जमत नव्हते, असेही नाही. १९९८ च्या ‘टाइमलेस’ या भागात आपल्या चुकीने सहकारी मेले या अपराधभावनेत पंधरा वर्षे जळणारा हॅरी त्यांनी समर्थपणे उभा केला. परंतु तो भविष्यातला हॅरी पुसला गेला. २००१ च्या अखेरच्या भागात तो चक्क कॅप्टन झालेला दिसतो. तेही भविष्यात, आणि कथेच्या ओघात तेही भविष्य पुसले जाते. हॅरीला मोठेपण मिळते ते केवळ न घडणाऱ्या काळात.

येथे कोणी म्हणेल, हुद्द्याचा हव्यास ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. हे मान्य. येशूसंघाचे संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज यांनी मायोर्का बेटावरील महाविद्यालयात चाळीसहून अधिक वर्षे द्वारपालाचेच काम केले. परंतु त्यांच्या दारातून जाणाऱ्यांना ते दिसत होते. तरुण पीटर क्लेव्हर मार्गदर्शनासाठी त्यांच्याकडेच जात असत. १८८८ साली गुरुशिष्य दोघेही एकत्रच संतपदाला पोहोचले. प्रश्न हुद्द्याचा नाही. कोणीतरी आपल्याला पाहिले आहे की नाही, याचा आहे.

मेजवानीला गेल्यावर शेवटच्या जागी बसावे, असे प्रभू येशूने शिकवले. पण त्या दाखल्यात यजमानही आहे. तो येतो आणि त्या पाहुण्याला वरच्या जागी बोलावतो. नम्रता हे पाहुण्याचे कर्तव्य, आणि वर बोलावणे हे यजमानाचे. आपल्या धर्मग्रामांत वर्षानुवर्षे धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षिका आहेत, पहाटे मंदिर उघडणारे सेवक आहेत. घराघरांत आजारी आईवडिलांपाशी राहिलेली मुले-मुली आहेत. त्यांना नम्रतेचा उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापाशी येऊन वर बसायला सांगणारा यजमान विरळा.

इतके होऊनही हॅरी कडवट होत नाही, हे त्या पात्राचे सामर्थ्य. घरी जाण्याची ओढ ज्याला सर्वांत जास्त, तोच अखेरच्या भागात सहकाऱ्यांना सांगतो की मुक्कामापेक्षा एकत्र केलेला प्रवास मोलाचा असेल. २०२४ साली याच मालिकासमूहातील एका विनोदी व्यंगचित्रमालिकेने अनेक विश्वांतले एन्साइन हॅरी किम एका यानावर जमवून या न झालेल्या बढतीची थट्टा केली. प्रेक्षक हसले. परंतु तेवीस वर्षांनंतरही ती थट्टा कळते, याचाच अर्थ त्या रिकाम्या खुर्चीचा विसर प्रेक्षकांना पडलेला नाही. लेखकांनी ज्याला पाहिले नाही, त्याला प्रेक्षकांनी पाहिले होते.