अंडे पडद्यावर, पाय रस्त्यावर

खऱ्या रस्त्यांवर हिंडून काल्पनिक प्राणी पकडायचे, असा 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरचा खेळ. जुलै २०१६ मध्ये तो अमेरिकेत आला आणि डिसेंबरात भारतात. मूल घराबाहेर पडते याचे पालकांना बरे वाटते आणि धास्तीही त्याचीच वाटते.

या खेळाची गंमत उपग्रहांवर उभी आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून फोन आपली जागा काढतो. खेळातले एखादे अंडे २ किलोमीटर चालल्यावर फुटते, तर एखादे १० किलोमीटर. कल्पना खरोखर सुंदर आहे. मात्र 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात तरुण खेळाडूंची रोजची पावले पहिल्या आठवड्यात सरासरी ९५५ ने वाढली, पण सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ ओसरली. तेव्हा व्यायाम म्हणून खेळाची फार थोरवी गाऊ नये.

मोठी उणीव वेगळीच आहे. जागा कळली म्हणजे परिस्थिती कळली असे नव्हे. समोरून येणारा ट्रक उपग्रहांच्या गणितात नसतो. खेळाडूंना एका ठिकाणी खेचणारे 'आमिष'ही सर्वांना दिसते. लुटारूंनी त्याचा फायदा घेतल्याचा संशय मिसुरी राज्यातील पोलिसांनी जुलै २०१६ मध्येच व्यक्त केला होता.

तरीही सरसकट बंदी आम्हांला पटत नाही. खेळ बंद असतानाही अंतर मोजण्याची सोय २०१८ पासून आहे. ती सुरू करून चालताना फोन खिशात ठेवावा आणि थांबल्यावरच पाहावा. लहानांबरोबर मोठ्यांनी जावे. वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा : आपली जागा फोनला कळते, ती आणखी कोणाकोणाला कळते?