वाट्याला आलेली मराठी

झी म्युझिकने 2019च्या जानेवारीत 'गली बॉय'चा अल्बम काढला, तो सिनेमाची गाणी म्हणून. ऐकायला मात्र तो एखाद्या हिपहॉप लेबलच्या संकलनासारखा आहे. 18 ट्रॅक, रॅपर अनेक, बीट करणारे अनेक, आणि हे सगळं एका दोरीत ओवणारा अंकुर तिवारी. 'अपना टाइम आएगा'वर इतकं लिहून झालंय की ते मी सोडून देतो. माझी अडचण 'इंडिया 91'शी आहे, कारण ते मला आवडतं.

विवेक राजगोपालन मृदंगम वाजवतात. कर्नाटक संगीतातले तोंडाने म्हणायचे तालाचे बोल आणि मुंबईच्या 'स्वदेशी' गटातल्या पोरांचं रॅप त्यांनी 'ता धोम प्रोजेक्ट'मध्ये आधीच जुळवलं होतं. जोडी अस्सल आहे. दोन्हीकडे जीभच वाद्य असते, श्वास चुकला की सम हुकते. त्यामुळे इथे शास्त्रीय संगीत वरून भुरभुरल्यासारखं वाटत नाही, रॅपच त्यातून उगवल्यासारखं वाटतं.

त्यावर एकेक जण येतो. तोडफोड गुजरातीत, अमरावतीचा सौरभ मराठीत. (हा आपलं नाव 100 आकडा आणि पुढे तीन इंग्रजी अक्षरं असं लिहितो. वाचायला आधी हिंदीतला 'सौ' आठवावा लागतो. 'शंभर' म्हणाल तर फसाल.) सौरभचा उच्चार रांगडा, शब्द दातांत धरून फेकलेले. कान टवकारतात आणि तेवढ्यात माइक पुढच्याकडे जातो.

मी अ‍ॅप बनवतो, तिथे हे रोज पाहतो. भाषांच्या यादीत मराठी असते, निवडली की निम्मी बटणं इंग्रजीतच राहतात. यादीत असणं वेगळं आणि त्या भाषेत काम पुरं होणं वेगळं. 'इंडिया 91'चा विषयच 'आमच्या किती भाषा' हा आहे, म्हणून कुठल्याच भाषेला दुसरा विषय मिळत नाही.

त्याच वर्षी 'स्वदेशी'ने 'द वारली रिवॉल्ट' केलं. तोडफोड तिथेही आहे. सोबत आरेच्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर गातात. इथे विषय जमीन आहे. कोण कुठल्या भाषेत बोलतंय हे लक्षात यायच्या आत कोणाचं घर जाणार ते कळतं. पुढे ऑक्टोबरमध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात पडली. गाण्याने ती वाचली नाहीत, पण गाणं चुकीचंही ठरलं नाही.

नाशिकच्या माणसाला यात नवल वाटू नये. वामनदादा कर्डक आमच्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. आंबेडकरी जलशातही गळे अनेक असत, पण तिथे कोणी आपली भाषा मिरवायला उभं राहत नसे. म्हणणं एकच असे, गळे ते पुढे नेत.

तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, 2022च्या मार्चमध्ये गेला. 24 वर्षांचा होता. दोन्ही गाणी लागोपाठ लावून पाहा. पहिल्यात तो आपली पाळी घेतो आणि बाजूला होतो. दुसऱ्यात त्याची ओळ संपली तरी भांडण चालूच असतं.