भाजलेली सुपारी : सीमाशुल्क वर्गीकरणाच्या एका निर्णयाची चिकित्सा

प्रस्तावना : गुहागर-दापोलीच्या बागायतदाराच्या लेखी सुपारी भाजली तरी ती सुपारीच राहते. सीमाशुल्काच्या दरपत्रकात मात्र तसे नाही. वाळवलेली सुपारी ०८०२ या शीर्षकाखाली येते. तिच्यावर १०० टक्के मूळ सीमाशुल्क ठेवण्यात आले असून फेब्रुवारी २०२३ मध्ये तिचे किमान आयात मूल्य किलोस ३५१ रुपये करण्यात आले. तीच सुपारी भाजून ‘२००८’ या शीर्षकाखाली आणल्यास शुल्क बरेच कमी पडे आणि किमान मूल्याची अटही लागू होत नसे.

विवेचन : शहनाज कमोडिटीज प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली, भाजलेली सुपारी ‘२००८’ या शीर्षकातच मोडते, हा अग्रिम निर्णय प्राधिकरणाचा निष्कर्ष कायम ठेवला. वर्गीकरण शीर्षकांच्या शब्दांवरून व प्रकरणांच्या टिपांवरून करावे, हा दरपत्रकाचा पहिला नियम आहे. आठव्या प्रकरणाची तिसरी टीप टिकाऊपणासाठी केवळ मध्यम उष्णता देण्यास मुभा देते. उलट, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात ‘२००८’ खाली भाजलेल्या सुपारीचा नावानिशी उल्लेख आहे. त्यामुळे हा निष्कर्ष कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय ठरतो. क्रेन बिटल नट खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने सुपारीच्या पुडीला नवी वस्तू मानले नव्हते. परंतु तेथील प्रश्न उत्पादनशुल्काचा होता.

तथापि उणीव अन्यत्र आहे. मध्यम उष्णता कोठे संपते आणि भाजणे कोठे सुरू होते, याचे कोणतेही माप टिपेत दिलेले नाही. अग्रिम निर्णय अर्जदाराने वर्णिलेल्या प्रक्रियेवर दिला जातो आणि कलम २८-जे अन्वये तो अर्जदार व संबंधित आयुक्त यांच्यापुरताच बंधनकारक असतो. बंदरात उतरलेला माल त्या वर्णनाशी जुळतो की नाही, हे प्रत्येक वेळी तपासावेच लागते.

निष्कर्ष : बागायतदाराचे संरक्षण हा धोरणाचा विषय आहे, त्यासाठी शीर्षकाचा अर्थ ताणणे योग्य नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये भाजलेल्या सुपारीलाही ३५१ रुपयांची अट लागू करून शासनाने ही पळवाट बुजवली. उपाय योग्य ठिकाणी झाला, पण विलंबाने; आणि त्या विलंबाचा भार न्यायालयात पक्षकार नसलेल्या उत्पादकावर पडला.