ढगातले शहर आणि खालची खाण

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन विज्ञानमालिकेचा ‘द क्लाउड माइंडर्स’ हा भाग 28 फेब्रुवारी 1969 रोजी प्रथम दाखवला गेला. बीड जिल्ह्यात बसून पाहणाऱ्याला तो परग्रहावरचा वाटत नाही. अर्डाना ग्रहावर स्ट्रेटॉस हे शहर ढगांत अधांतरी तरंगते. तिथले लोक कलेत आणि चिंतनात रमलेले. खाली खाणीत ट्रॉग्लाइट लोक झेनाइट हे खनिज उपसतात. ते जात्याच मंद, हिंसक. त्यांना प्रकाशाचे नि सौंदर्याचे काय, अशी वरच्यांची ठाम समजूत. दुसऱ्या एका ग्रहावर वनस्पतींवर रोग पडला आहे, म्हणून झेनाइट न्यायला आलेला कप्तान कर्क या संघर्षात सापडतो.

स्ट्रेटॉस पाहताना मला आपल्याकडचे कलावादी आठवले. जीवनापासून अलिप्त, विशुद्ध कला हवी असे म्हणणाऱ्यांनी हे शहर जरूर पाहावे. एक पकडलेला ट्रॉग्लाइट कठड्यावरून उडी टाकून जीव देतो, वाना या बंडखोर स्त्रीला किरणांच्या यंत्राखाली छळले जाते, आणि शहराच्या रसिकतेला तडाही जात नाही. ओझे वाहणारे एकीकडे आणि फळ चाखणारे दुसरीकडे, हा कसला शहाणपणा, असा प्रश्न स्पॉकच्या मनात येतो. बाबासाहेबांनी 1936 सालीच जातिव्यवस्थेला श्रमिकांची विभागणी म्हटले होते. तिचे चित्र अमेरिकन दूरचित्रवाणीवर इतके स्वच्छ उमटावे, याचे मला अप्रूप वाटले.

पण पुढे कथा कच खाते. डॉक्टर मॅकॉय शोध लावतो की झेनाइटपासून निघणाऱ्या वायूमुळे बुद्धी मंदावते. वाना शहरात घरकामाला होती, वायूपासून दूर राहिली, म्हणून तिला विचार सुचला. उपाय काय, तर तोंडाला मुखवटे. शहराचा प्रमुख प्लासस हे मानत नाही, तेव्हा कर्क त्याला खाणीत आणून कोंडतो. वायू चढताच तो सुसंस्कृत पुरुष हातघाईवर येतो. हा प्रसंग झकास आहे. मात्र प्रश्न उरतो: वायू नसता तर? ट्रॉग्लाइट खरोखरच मंद असते, तर त्यांनी जन्मभर खाणीत राहणे रास्त ठरले असते काय? माणसाला माणूसपण मिळण्याआधी त्याच्या बुद्धीचा दाखला प्रयोगशाळेतून आणावा लागावा, हा या भागाचा मूळ दोष आहे.

ऊसतोड कामगाराच्या घरातल्या माझ्या एका विद्यार्थिनीने हा भाग पाहून विचारले, “सर, यात मुकादम कुठंय?” मुकादम आहे. शहराचे काही पहारेकरी ट्रॉग्लाइटांतूनच नेलेले आहेत. पण लेखकाला त्यांचे काही सुचलेले नाही. वर आणि खाली, एवढ्या दोनच पायऱ्या त्याला दिसतात. आपल्याकडच्या श्रेणीबद्ध विषमतेचा जिना त्याच्या कल्पनेबाहेरचा आहे.

आणि मुखवट्यांचे म्हणाल, तर ते आपल्याला ठाऊक आहेत. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याचे प्रकरण 2019 साली गाजले. शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. चर्चा झाली ती बहुतेक डॉक्टरांची, शस्त्रक्रियेच्या परवानग्यांची, तपासणीची. ती हवीच होती. मुखवटाही हवाच असतो. पण पाळीत वा आजारात एक खाडा पडला की कोयत्याला दंड, पहाटे मोळ्या वाहून गाडी भरणे, उचल न फिटल्याने पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे जाणे, हे सगळे त्या चर्चेच्या कडेला पडून राहिले. गर्भाशय जणू आपोआप बिघडले, खाणीत जसा आपोआप वायू साठला!

भागाच्या अखेरीस प्लाससची कन्या ड्रॉक्सिन खाली खाणीत जाण्याची इच्छा बोलून दाखवते. तिला तशी इच्छा होऊ शकते. वाना आणि प्लासस मात्र अजून भांडतच असतात, आणि त्या भांडणात मला या भागातले सर्वांत खरे नाट्य दिसते. पण कर्कला घाई आहे. झेनाइट ताब्यात येते नि जहाज निघते. खाणीचा हिस्सा किती, शहरात घर कुणाला, यावर एक वाक्यही कुणी बोलत नाही.