मंडळीच्या नजरेतली मुले

परदेशी गेलेल्या कुटुंबातले मूल आपला धर्म आणि भाषा जितक्या लवकर विसरेल, तितके ते नव्या देशात लवकर रुळेल, असा एक समज पुष्कळ दिवस रूढ होता. मिन झोउ आणि कार्ल बँकस्टन या समाजशास्त्रज्ञांच्या ‘ग्रोइंग अप अमेरिकन’ (१९९८) या ग्रंथाने त्याला चांगलाच हादरा दिला.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या पूर्वेकडील व्हर्साय ही व्हिएतनामी वस्ती हा या ग्रंथाचा विषय. तेथील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या नशिबी दोनदा परागंदा होणे आले. १९५४ साली देश दुभंगला तेव्हा हे कॅथलिक लोक उत्तरेतून दक्षिणेत आले, आणि १९७५ साली सायगॉन पडले तेव्हा समुद्रापार. दोन्ही वेळा घरदार मागे राहिले. बरोबर आली ती मंडळी.

हाती पैसा बेताचा, शेजारही गरिबीचा. तरी चर्चशी जोडलेली मुले शाळेत पुढे होती. उपासनेला नियमाने जाणारे मूल स्वतःला अधिक व्हिएतनामी समजते आणि म्हणूनच अमेरिकन शाळेत अधिक टिकते, असे लेखकांचे प्रतिपादन आहे. यात चमत्कार काही नाही. चर्चच्या आवारात सगळे एकमेकांना ओळखतात. हा कोणाचा मुलगा, कोणाबरोबर हिंडतो, हे घरी कळायला वेळ लागत नाही. आणि अभ्यासात चमकला तर कौतुकही तिथेच होते.

इथवर ग्रंथ पटतो. पण मास्तरकीत वर्षे घालवलेल्या माणसाला एक शंका आल्यावाचून राहत नाही. चर्चमध्ये जाऊन मूल शहाणे होते, की आईबापांच्या शब्दातले मूलच मुळात चर्चमध्ये जाते? मुलांना एकदाच विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवरून याचा निवाडा होणे कठीण. शिवाय जी नजर सांभाळते, तीच नावेही ठेवते. बिघडलेल्या मुलांविषयी लेखकांनी लिहिले आहे. पण मंडळीला ती मुले कशी दिसली हे जितके समजते, तितके त्या मुलांना मंडळी कशी दिसली हे समजत नाही. कादंबरीकाराला नेमके तेच हवे असते.

पुढे २००५ साली कतरिना वादळाने शहर बुडाले. तेथील ‘मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम’ चर्चभोवतीची ही माणसे लवकर परतली. २००६ मध्ये वस्तीजवळ वादळाचा कचरा टाकायला सुरुवात झाली, तेव्हा आजीआजोबांच्या बरोबरीने तरुण पोरेही विरोधाला उभी राहिली, आणि त्याच वर्षी तो उकिरडा बंद झाला. ज्यांच्यावर नजर ठेवायची, तीच मुले आता मंडळीच्या वतीने बोलू लागली. परीक्षेतल्या गुणांवर भिस्त ठेवणाऱ्या ग्रंथात मुलांचे हे रूप दिसत नाही.

तरीही ज्यांच्या घरी वाढती मुले आहेत त्यांनी हा ग्रंथ जरूर वाचावा. मुलाला धाकाइतकीच आपल्या माणसांची सोबत लागते, हे तो पुराव्यानिशी दाखवतो. सोबतीचा जाच केव्हा होतो, हे मात्र मुलांनाच विचारावे लागेल.