‘शुभविवाह’मधले दोन ‘व’

सुलेखनाच्या फॉण्टची परीक्षा घ्यायची तर त्यात ‘शुभविवाह’ टाइप करून बघावं. या शब्दात ‘व’ लागोपाठ दोनदा येतो. हाताने लिहिणारा पहिल्या ‘व’चं पोट वेलांटीला सांभाळून काढतो, दुसऱ्याचं पुढच्या कान्याकडे बघून, दोन्ही तंतोतंत सारखे निघत नाहीत. फॉण्टमध्ये एकच ‘व’ दोनदा उमटतो. तोच झटका, कोरड्या ब्रशच्या तशाच फाटक्या कडा. एकदा हे नजरेत आलं की हाताने लिहिल्याचा आव तिथेच उतरतो.

यावर उपाय नाही असं नाही. हर्मान झाफ यांचा ‘झाफिनो’ हा फॉण्ट १९९८ साली आला. त्यात एकेका रोमन अक्षराची अनेक रूपं आहेत आणि शेजार बदलला की रूप बदलू शकतं. देवनागरीला तर याची जास्त गरज. ‘वि’वर शोभणारी वेलांटी ‘स्त्रि’वर तोकडी पडते, तिची कमान दांडीपर्यंत पोचतच नाही. वाचनाच्या चांगल्या फॉण्टमध्ये म्हणूनच कमी-जास्त रुंदीच्या वेलांट्या दिलेल्या असतात. लग्नपत्रिकांच्या नटव्या फॉण्टमध्ये ही मेहनत क्वचितच दिसते. तिथे सगळी हौस ‘श्री’च्या शेपटीवर फिटते.

वापराबद्दल तर बोलायलाच नको. सुलेखनकार कमल शेडगे नाटकाच्या जाहिरातीत नावाची अक्षरं त्या नाटकाचा स्वभाव बघून काढत. आता शिवकालीन चित्रपट, मिसळीचं हॉटेल आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक, तिन्हीकडे एकच फॉण्ट तलवारीसारखा परजलेला असतो. त्याच फॉण्टमध्ये पत्रिकेतला सगळा मजकूर, पत्ता आणि मुहूर्तासकट, लावणारे महाभागही आहेत. पाहुण्यांनी कार्यालय शोधायचं कसं?

मला आवडतो तो कॅथरीन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’. मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हातरंगी पाट्या बघून तो घडला. देवनागरी लिहायच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरका असतो, त्यामुळे जाड-बारीक रेषांची जागाही बदलते. ‘यात्रा’त रोमन अक्षरंसुद्धा देवनागरीच्या कोनाने काढली आहेत. एरवी उलटं होतं: रोमनचा कोन देवनागरीवर लादला जातो आणि अक्षर परकं दिसू लागतं. या फॉण्टमध्ये वेलबुट्टी जवळपास नाहीच, तरी हात जाणवतो.

र. कृ. जोशी स्वतः अव्वल सुलेखनकार, पण मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी केलेला ‘मंगल’ साधा, पडद्यावर वाचण्यासाठीचा आहे. कुठे हात दाखवायचा आणि कुठे आवरायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नव्या फॉण्टकारांपैकी कुणी नुसता ‘व’ जरी पाच तऱ्हांनी काढून दिला, तरी पत्रिका छापणाऱ्यांचं निम्मं काम सुधारेल. अर्थात, ते पाचही वापरायची तसदी छापणाऱ्याने घ्यायला हवी.