कमरेत जोडलेली माणसं

जिव्या सोमा मशे यांचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसलो होतो. म्हटलं, असली काड्यांची माणसं आमची नातही काढील.

वारल्यांत लग्नाचा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या या गड्यानं ती रीत मोडली. लग्न असो-नसो, रोज चित्र काढत बसला. लहानपणी आई गेली नि पोराचं बोलणंच थांबलं. मातीत रेघा ओढून सांगायचं. त्याच रेघा पुढं कागदा-कापडावर उतरल्या. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ला ते गेले.

त्यांचा माणूस म्हणजे दोन त्रिकोण, कमरेत टोकाला टोक. मी दहावी शिकलेला. पण चाळीस आवण्या वाकून केल्यात. आवणीत माणूस कमरेतच मोडतो आणि तोलही तिथंच धरतो. मशेंना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांची माणसं वाकतात, ओढतात, नाचतात. कपांवर, चादरींवर छापलेली मात्र नुसती रांगेत उभी.

परवा नातीनं तसलं चित्र काढून दाखवलं. माणसं सगळी ताठ. म्हटलं, बाय, आधी आवणीला चल.